कुल्हडातली वाइन सपक का लागते: चुना सापडला

काचेच्या ग्लासाऐवजी कुल्हड, तांबं, स्टील अशा भांड्यांत वाइन कशी लागते ते तपासणं चालू आहे. गेल्या खेपेला कुल्हडातल्या सपक वाइनचा सगळा दोष मातीच्या वासावर ढकलला होता. तो शेरा मागे. शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन पंधरा मिनिटं कुल्हडात राहिली की तिची आंबट धार जाते, ती मातीतल्या चुन्यामुळे.

पारख घरच्या घरी होते. कोरड्या कुल्हडात आतून पांढऱ्या व्हिनेगरचे चार थेंब टाका आणि कान लावा. बारीक चुरचुर ऐकू आली, बुडबुडे दिसले, तर मातीत चुनखडी आहे. वाइनचा पीएच साधारण 3 ते 3.8; तिचं टार्टरिक आम्ल चुन्यावर खर्ची पडतं आणि पीएच वर सरकतो, म्हणजे आंबटपणा घटतो. हे पीएचच्या कागदी पट्ट्यांवर दिसणार नाही, रेड वाइनमध्ये तर पट्टीच रंगते. मीटर लागतो, आणि तो दर बैठकीला 4.00 च्या बफरवर, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणावर, लावून घ्यायचा.

चुना काढणं मात्र जिकिरीचं निघालं. सायट्रिक अ‍ॅसिडने काम होईलसं वाटलं होतं; झालं उलटंच. कॅल्शियम सायट्रेटची पांढरी भुकटी छिद्रांत बसते. उकळून काढावी म्हटलं तर ते गारपेक्षा गरम पाण्यात आणखी कमी विरघळतं. त्या कुल्हडांत आता धने पेरावेत.

व्हिनेगरने जमलं. त्यातून तयार होणारं कॅल्शियम अ‍ॅसिटेट पाण्यात सहज विरघळतं. 5 टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, 12 तास. बुडबुडे थांबेपर्यंत द्रावण बदलत राहायचं. मग साधं पाणी तीनदा, दर वेळी 6 तास. ही धुणी टाळली तर वाइनला आंबल्याचा वास येतो आणि खापर बाटलीवर फुटतं. शेवटी ओव्हन गार असतानाच कुल्हड आत ठेवून 120 अंशांपर्यंत हळूहळू चढवायचं, तिथे तासभर. ओलं कुल्हड तापल्या ओव्हनमध्ये गेलं की तडकतं. सफरचंदाचं व्हिनेगर नको, त्याचा रंग आणि वास मातीत मुरतो.

धुतल्यावर शेनिनचा आंबटपणा पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत टिकला! पण कुल्हड वाइन पितं ते पितंच. 50 मिलि ओतल्यावर त्यातली थोडीही भिंतीत गेली तरी जाणवतं. कोरडं वजन, अर्धा तास पाण्यात, पुसून पुन्हा वजन: प्रत्येक नग किती पितो तो आकडा लिहून ठेवा. हे पिणं थांबवायला जॉर्जिया देशातल्या क्वेव्रीसारखं, म्हणजे तिथल्या वाइनच्या मातीच्या रांजणासारखं, आतून मधमाश्यांचं मेण. मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, तेव्हा कुल्हड 90 वर तापवून चोळायचं, दहा मिनिटं परत ओव्हनमध्ये, मग सुती फडक्याने जादा मेण पुसून काढायचं. कुल्हड मध्येच निवलं तर मेण मुरत नाही, वर साय धरतं. फ्रिजमध्ये तिला चिरा पडतात आणि पापुद्रे वाइनवर तरंगतात. ऑनलाइन मिळणारे ‘फूड सेफ’ सीलर मातीला प्लॅस्टिकचा वास देतात, पैसे वाया. चकचकीत रंगीत झिलईचे शोभेचे पेले तर मुळीच नकोत, आम्लात झिलईतलं शिसं उतरू शकतं.

मेणाचीही एक खोड आहे. त्याला मधाचा वास, आणि शेनिनमध्येही मध असतो. मग श्रेय कुणाला द्यायचं?

तांब्याचं थोडक्यात. पितळेत ताक कळकतं तशी बिनकल्हईच्या तांब्यात वाइन कळकते, आणि सोव्हिन्यों ब्लाँ या दुसऱ्या पांढऱ्या वाइनचा पॅशनफ्रूटचा वासही जातो, कारण तो वास देणारी थायॉल ही गंधकयुक्त संयुगं तांब्याला चिकटतात. सडक्या अंड्याचा वास मारणाऱ्या बाटलीवर हाच गुण कामी येतो. तरी तांबं आम्लात उतरतं. वास घेऊन ओतून द्या, पिऊ नका. स्टीलवर निकाल राखून ठेवलाय. पुष्कळशी वाइन मुरते स्टीलच्याच टाकीत, त्यामुळे संशय धातूपेक्षा पेल्याच्या सरळसोट तोंडावर आणि जाड काठावर जास्त आहे.

हे लिहिता लिहिता सुचलं, मेणाची कटकट हवीच कशाला? स्टोनवेअर 1200 अंशांच्या आसपास भाजतात, ते पाणी जेमतेम शोषतं. मेणाच्या उरलेल्या चाचण्या रद्द. पुढची फेरी बिनझिलईच्या स्टोनवेअरची, आकार आयएसओ 3591 या वाइन चाखण्याच्या प्रमाण ग्लासचा: तोंड 46 मिमी, पोट 65, म्हणजे माती आणि काच यांत आकाराचा घोळ उरणार नाही. माती वाळून-भाजून 12 टक्के आटते असं धरलं तर कुंभाराला चाकावर तोंड 52 आणि पोट 74 मिमी सांगायचं.