पोळ्याच्या दुपारी शुगर ३८

पोळ्याला दुपारी चारच्या सुमारास मुलगा आईला ऑटोत टाकून घेऊन आला. बाई घामाने चिंब, डोळे उघडे, पण हाकेला ओ नाही. "पुरणपोळी खाल्ली, म्हून शुगर वाढली असंन जी. अजून एक गोळी देली."

मीटरवर ३८. शिरेतून २५ टक्क्यांचं डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, १०० मिली दिलं आणि पंधरा मिनिटांत १५१ झाली. दीड तासाने परत ५८. गोळी ग्लिमेपिराइडची होती, स्वादुपिंडातून इन्सुलिन सोडवणारी. तिचा असर एका सलाइनने संपत नाही, म्हणून १० टक्क्यांचं डेक्स्ट्रोज चालू ठेवलं आणि २४ तास बोटाला टोचत राहिलो.

पोटावर पाच बारीक व्रण होते. विचारलं तेव्हा कळलं, चौदा महिन्यांपूर्वी नागपूरला बायपास झाली होती, हृदयाची नाही, वजन उतरवण्यासाठी जठराची. त्याआधी दिवसाला ४६ युनिट इन्सुलिन लागायचं. चौथ्या दिवशी घरी आली तेव्हा इन्सुलिन बंद होतं. वजन तोवर उतरलेलंही नव्हतं. खाणं एकदम तुटल्याने यकृत आधी सुधारतं, इन्सुलिनला नीट दाद देऊ लागतं. शिवाय अन्न जठराच्या छोट्या पिशवीतून थेट पुढच्या आतड्यात पडतं, आतड्यातलं जीएलपी-१ हे इन्सुलिन वाढवणारं संप्रेरक उसळतं आणि स्वादुपिंड भरभरून इन्सुलिन सोडतं.

पण याचीच दुसरी बाजू बहुधा वर्ष उलटल्यावर दिसते. जेवल्यावर अर्ध्या-पाऊण तासात साखर उंच चढते, त्यावर इन्सुलिनचा लोंढा येतो आणि एक ते तीन तासांत साखर खाली कोसळते. वीस दिवसांपूर्वी एका शिबिरात तिची शुगर २५२ निघाली, ती जेवणानंतर अर्ध्या तासाने. चिठ्ठीवर आकडा आहे, जेवणाची वेळ नाही. तेवढ्यावर ग्लिमेपिराइड सुरू झालं, म्हणजे लोंढ्यात आणखी पाणी सोडलं. याचा मला अजून राग येतो. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या एचबीए१सी तपासणीवरही डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. बायपासनंतर लोह कमी शोषलं जातं, रक्त कमी होतं, आणि आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. दोन्हींत हा आकडा फसवतो.

गोळी बंद करून आठवड्याने पुन्हा तपासलं. उपाशीपोटी ८४. पोहे आणि गोड चहानंतर चाळीस मिनिटांनी २१४, दोन तासांनी ५६. म्हणजे सगळा दोष गोळीचा नव्हता. सून म्हणाली, दोन महिन्यांपासून जेवल्यावर सासूबाईंचे हात थरथरायचे. घरच्यांनी अशक्तपणा समजून टॉनिक आणलं होतं.

आता सहा वेळा थोडं थोडं खाणं. आधी वरण, अंडं किंवा दही, मग अर्धी भाकर. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. गूळ, साखर, फळांचा रस नाही. पिष्ट आणि साखरेचं पचन हळू करणारी अकार्बोज ५० मिलिग्रॅम, पहिल्या घासासोबत. ही गोळी चालू असताना शुगर उतरली तर घरातली साखर लवकर लागू पडत नाही, कारण त्या साखरेचं विघटनच अडतं. तेव्हा ग्लुकोज पावडरच हवी, साधारण १५ ग्रॅम, आणि हुशारी आल्यावर मूठभर फुटाणे. नुसत्या ग्लुकोजवर थांबलं, तर पुन्हा उसळी आणि पुन्हा घसरण.

नागपूरच्या फाइलमध्ये हे लिहिलेलं आहे, इंग्रजीत, नवव्या पानावर. बाईला मराठी वाचता येतं. मी फाइलच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहून दिलं: "जेवल्यावर शुगर जास्त दिसली तरी गोळी देऊ नका. आधी जेवणाची वेळ विचारा."