आरएक्स-७ साठी टर्बो निवडला तो असा

धुळ्याजवळ मुंबई-आग्रा रस्त्यावर माझं टर्बोचं दुकान आहे. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोराने फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. ट्रकचे टर्बो खोलायचे, धुवायचे, भरायचे (म्हणजे नवं बेअरिंग आणि सील घालायचे), बॅलन्स करायचे, हेच रोजचं काम. गेल्या वर्षी मात्र मावसभावाच्या माझदा आरएक्स-७ या स्पोर्ट्स कारसाठी टर्बो निवडायची वेळ आली. तो ऑकलंडला असतो. जपानमधल्या जुन्या गाड्या तिकडे बऱ्याच जातात, त्यातलीच १९८७ची एक त्याने घेतली होती. टर्बो तेल खात होता आणि खिशात पैसे मोजके. "दादा, आता खोलायचाच आहे तर मोठा टाकू का?" असं त्याने विचारलं.

मोठा म्हणजे किती, हे इंजिन हवा किती ओढतं त्यावर ठरतं. या गाडीच्या १३बी इंजिनाच्या कागदावर १३०८ सीसी लिहिलेलं असतं. ते वाचून छोट्या कारच्या मापाचा टर्बो डोळ्यापुढे येतो, पण हे रोटरी इंजिन, यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात, आणि त्याचा हिशेब वेगळा. ६५४ सीसीचे दोन रोटर शाफ्टच्या दर फेऱ्याला मिळून पूर्ण १३०८ सीसी हवा घेतात. आपलं नेहमीचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात आपल्या सीसीच्या निम्मीच हवा घेतं. म्हणजे टर्बोच्या दृष्टीने हे २.६ लिटरचं इंजिन झालं. सात हजार आरपीएमला, बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) नसतानाही, मिनिटाला नऊ हजार लिटरच्या वर हवा लागते.

त्याहून जास्त विचार मी एक्झॉस्टचा केला. रोटरीत व्हॉल्व्ह नसतात. रोटर सरकला की एक्झॉस्टचं भोक एकदम उघडं पडतं आणि पुरता न जळालेला गॅस सरळ टर्बाइनवर, म्हणजे टर्बोच्या धुराकडच्या पंख्यावर, आदळतो. भरलेल्या ट्रकने लळिंगचा घाट चढताना डिझेलचा गॅस सातशे अंशांच्या आसपास जातो. रोटरीत जोर लावला की तो नऊशेच्या पुढे. टर्बाइनचं हाउसिंग (बाहेरचं कवच) लहान घेतलं तर पिकअप लवकर मिळतो हे खरं, पण गॅस मागे तुंबतो, इंजिन तापतं आणि नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचा अवेळी भडका, सुरू होतं. पिस्टनचं इंजिन थोडंफार नॉकिंग सोसून घेतं. रोटरीत मात्र रोटरच्या टोकावरची अॅपेक्स सील मोडते आणि तिचा तुकडा थेट टर्बाइनच्या पंख्यात जातो. म्हणून मी त्याला बजावलं, टर्बाइनची बाजू आधी बघ, पुढचा, हवा कोंबणारा कॉम्प्रेसरचा पंखा किती मिलिमीटरचा ते नंतर.

पर्याय तीन होते. पहिला, इंटरनेटवर मिळणारा स्वस्त कॉपी टर्बो. तो मी लगेच बाद केला. असले कोअर, म्हणजे टर्बोचा शाफ्ट-बेअरिंगचा मधला भाग, माझ्याकडे खोलायला येतात. शाफ्टला आत-बाहेर सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग बघूनच कळतं की हे फार चालणार नाही. शाफ्ट मिनिटाला लाखावर फेरे मारतो, तिथे बॅलन्सिंगमध्ये चालढकल चालत नाही.

दुसऱ्या पर्यायात माझा जीव अडकला होता. होलसेटचा एचएक्स३५, म्हणजे कमिन्सच्या ५.९ लिटरच्या डिझेलवरचा टर्बो. दणकट आणि परदेशात सेकंडहँड स्वस्तात मिळणारा. रोटरीवाले तो बसवतातही. पण कागद-पेन घेऊन बसलो तेव्हा गणित जमेना. ट्रकवर येणारं बारा चौरस सेंटिमीटरचं टर्बाइन हाउसिंग या इंजिनाला आवळ पडतं. मोठं हाउसिंग वेगळं विकत घ्यायचं. त्याचं बेअरिंग नुसत्या तेलावर थंड होतं, पाण्याची लाइन नाही, आणि इथे गॅस नऊशे अंशांचा. शिवाय इंजिनाला टर्बो जोडणारा नवा मॅनिफोल्ड, टर्बोतून धूर बाहेर नेणारा नवा डाउनपाइप, तेलाच्या नव्या लाइन. नवरा स्वस्त, वरातच महाग!

राहिला तिसरा, गाडीचा मूळ हिताची एचटी१८. याला तेलाबरोबर पाणीही थंड करतं, टर्बाइनला गॅसच्या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि कुठलाही पाइप न बदलता जागच्या जागी बसतो. जपानमध्ये ही गाडी १८५ पीएसची (हॉर्सपॉवरसारखंच माप) होती. भावाला दोनशेच्या थोडं वर पुरणार होतं. तेवढ्यासाठी हाच भरून घ्यावा, असं माझं मत पडलं.

पण तो भरण्याजोगा आहे का, हे आधी बघायला हवं. व्हिडिओ कॉलवर त्याला शाफ्ट बोटांत धरायला लावला. वर-खाली किंचित हलला तर हरकत नाही, बेअरिंग तेलावर तरंगत असतं. आत-बाहेर हलल्याचं बोटाला जाणवलं तर थ्रस्ट गेला. याचा गेला होता. मग टॉर्च मारून टर्बाइनच्या पंख्याची एकेक पात दाखवायला सांगितली. सगळ्या कडा शाबूत होत्या, कुठे टवका नव्हता. सील मोडून यातून गेलेली नाही, म्हणजे इंजिनाबद्दलही थोडा धीर आला.

दिवाळीला तो शिरपूरला आला तेव्हा बॅगेत कोअर आणि बेअरिंगचं किट घेऊन आला. खोलल्यावर आत तेल जळून दगडासारखा थर धरलेला. सीलच्या रिंगची खाच मी सुईने खरवडून काढली. माझे वस्ताद म्हणायचे, "पहिले पाइप दख भाऊ, टर्बो मंग दखसूत." म्हणून तेलाचा पाइप नवाच टाकायचा असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. तेलाच्या जोडाला सिलिकॉन लावायचं नाही, आणि पहिला स्टार्ट मारायच्या आधी टर्बोत तेल ओतायचं, हेही लिहून दिलं.

त्याने सायलेन्सर मोकळा बसवला होता. अशा गाडीत मूळ वेस्टगेटचं (जादा गॅस टर्बाइनला वळसा देऊन सोडणारी झडप) भोक अपुरं पडतं, गॅस बाहेर निघत नाही आणि बूस्ट आपोआप चढत जातो. वर गेला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल तोडतो. म्हणून तिकडच्या टर्नरकडून ते भोक मोठं करून घेतलं, झाकण मात्र सगळीकडून नीट बसेल असं. वाचलेल्या पैशांत नवा पेट्रोल पंप, बूस्टचा मीटर आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर आला. यांच्याशिवाय बूस्ट वाढवू नकोस, यावर मी अडूनच बसलो होतो.

आता काटा अर्ध्या बारवर येऊन थांबतो, वरच्या आरपीएमलाही पुढे सरकत नाही. धूर बंद झाला. या गाडीचा इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) इंजिनाच्या डोक्यावरच असतो आणि ट्रॅफिकमध्ये तापतो, त्यामुळे तो गाडीच्या समोरच्या जाळीमागे न्यायचा आहे. ते होईपर्यंत बूस्ट अर्ध्या बारच्या वर न्यायचा नाही असं ठरलंय.