मे महिन्यात पक्षी कुठे असतील?

१२ एप्रिल, रात्री साडेनऊ

आजची पहाट धरून या वसंतातली ही माझी तिसरी फेरी झाली. यंदा टर्कीच्या शिकारीला कोठे बसायचे हे आज निश्चित केल्याशिवाय झोपायचे नाही, असे सकाळी मॅडिसनला परतताना मनाशी ठरवले होते, म्हणून जेवण आटोपून वही घेतली आहे.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वसंतातला हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारी सुरू होतो आणि तो सात-सात दिवसांच्या सहा टप्प्यांत विभागलेला असतो. परवाना एका विभागासाठी आणि एकाच टप्प्यासाठी मिळतो, आणि त्याचा अर्ज १० डिसेंबरपर्यंत करावा लागतो. मी विभाग १ आणि चौथा टप्पा मागितला होता आणि तोच मिळाला. पहिला टप्पा बहुतेकांना हवा असतो, कारण तेव्हा झाडांना पालवी नसते आणि नराची साद लांबवरून ऐकू येते. पण त्या दिवसांत नर माद्यांच्या घोळक्यात असतो, आणि खरी मादी समोर असताना झाडाआडून आलेल्या नकली हाकेसाठी तो सहसा पाऊल उचलत नाही. मेच्या सुरुवातीपासून माद्या अंड्यांवर बसू लागतात, जवळजवळ २८ दिवस घरटे क्वचितच सोडतात, आणि सकाळी नऊ-दहाच्या सुमारास एकटा पडलेला नर साद घालत फिरू लागतो. मला त्या वेळी रानात असायचे आहे. त्यामुळे जागेबद्दलचा माझा प्रश्नही तेवढाच आहे: मे महिन्यात पक्षी कुठे असतील?

या प्रश्नापुढे सर्वांत मोहाची जागा पहिल्यांदा गळाली. मार्चमध्ये एका दुग्धव्यावसायिक शेतकऱ्याच्या शेतात, मक्याच्या धसकटांत, मी एकाच वेळी एकेचाळीस पक्षी मोजले होते. शेणखत पसरलेल्या त्या उघड्या शेतात ते गाईगुरांच्या सवयीने चरत होते. मी धीर करून दार ठोठावले, मालकांनी आत बोलावून कॉफी दिली आणि शिकारीची परवानगीही दिली. खाजगी जमिनीवर अशी परवानगी अनोळखी माणसाला सहज मिळत नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. परंतु हिवाळ्यातला थवा अन्नासाठी एकत्र आलेला असतो. बर्फ वितळले की तो फुटतो आणि पक्षी आपापल्या विणीच्या जागांकडे पांगतात. गेल्या आठवड्यात त्याच शेताच्या कडेला मी पहाटे दीड तास उभी होते. एकही साद ऐकू आली नाही. शेताला लागून मोठे रान नाही, मादीला घरटे लपवायला उंच गवत किंवा झुडपे नाहीत, आणि जिथे माद्या राहणार नाहीत तिथे नर तरी कशासाठी थांबेल? मालकांना उद्या फोन करून आभार मानायचे आहेत आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारण्याची मुभा मागायची आहे.

नदीकाठचे सार्वजनिक रान घरापासून जवळ आहे, पण तिथे मी यंदा जाणार नाही. गेल्या वर्षी मी तिथे पाटीवर काडी घासून मादीचा आवाज काढत बसले होते, आणि त्या आवाजाच्या रोखाने दुसरा एक शिकारी झुडपांतून सरपटत आला. तीस पावलांवर त्याच्या बंदुकीची नळी दिसली तेव्हा मी हात जराही न हलवता मोठ्याने "थांबा, इथे माणूस आहे" असे ओरडले. तो बिचारा माझ्याइतकाच हादरला होता. नराच्या डोक्यावर लाल, पांढरा आणि निळा रंग असतो, म्हणून रानात या तीन रंगांचा रुमालसुद्धा जवळ बाळगू नये, असे प्रशिक्षणात शिकवतात. त्याचा अर्थ मला त्या दिवशी अंगावर काटा येऊन कळला.

उरते किकापू खोरे, आणि माझे मन तिथेच ओढ घेत होते हे आता मान्य करते. ला फार्ज आणि ऑन्टारिओ या गावांमधले सुमारे ८,६०० एकरांचे हे राखीव क्षेत्र मुळात धरणासाठी घेतलेली जमीन आहे. शंभरावर शेतकरी कुटुंबांना उठवण्यात आले, १९७५ मध्ये काम थांबले आणि धरण कधीच पूर्ण झाले नाही. आज राज्य शासन आणि हो-चंक राष्ट्र, म्हणजे इथली एक मूळनिवासी जमात, मिळून या भूमीची देखभाल करतात. कोयनेच्या विस्थापितांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीला तिथल्या रानात मध्येच घराची जोती आणि कोणी तरी लावलेली सफरचंदाची झाडे दिसली की पुढे जाववत नाही. टर्कीला मात्र हेच मिश्रण मानवते: ओकचे जुने रान, त्याला खेटून पडीक झालेली शेते, त्यांत घरटे लपेल असे गवत आणि पिल्लांसाठी किडे.

आज तिथे डोंगरधारेच्या थोडे खाली, पूर्वेच्या उतारावर, पाचोळा जागोजागी उकरलेला दिसला. टर्की पायाने पाचोळा मागे ओढते, त्यामुळे मातीचा उघडा त्रिकोण उरतो. हात लावला तर माती अजून ओली होती, म्हणजे उकर आजचीच. जुन्या लाकूडवाटेच्या चिखलात मोठी पावले होती आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बारीक समांतर रेघा, पिसारा फुलवून चालताना नराच्या पंखांची टोके घासल्याच्या. शेजारीच छातीचे एक पीस पडले होते. मादीच्या पिसाची कड फिक्कट तपकिरी असते. याची कड काळी, जणू शाईत बुडवलेली. तांब्यासारखी झाक असलेले ते पीस वहीत ठेवले आहे.

पहाटेचे ऐकणे यापेक्षाही मोलाचे. मोरांप्रमाणे टर्कीही उंच झाडांवर रात्र काढतात. उजाडण्यापूर्वी घुबडाने घुत्कार केला की नर दचकून फांदीवरूनच उत्तर देतो. परवा आणि आज, दोन्ही दिवशी त्याच उतारावरून साद आली. परवा दोन नर होते, आज तीन. पालवी फुटल्यावर आवाज एवढा लांब येणार नाही, म्हणून त्यांची झाडे आताच नकाशावर टिपून ठेवली.

याच व्हर्नन काउंटीत, रोमान्स नावाच्या वस्तीजवळ, १९७६ मध्ये मिसुरीहून आणलेल्या २९ टर्की सोडल्या होत्या. त्यांच्या बदल्यात विस्कॉन्सिनने मिसुरीला ग्राउस पक्षी दिले. त्याआधी कित्येक दशके या राज्यात जंगली टर्की उरलीच नव्हती. वसंतातली पहिली शिकार १९८३ मध्ये खुली झाली. आज साद देणारे ते तीन नर बहुधा त्या २९ पक्ष्यांचेच वंशज असतील, या विचाराने मी बराच वेळ तिथून हलले नाही. एक नर मिळाला तर तो घरी नीट रांधला जाईल आणि त्याचे काहीही वाया जाणार नाही, एवढे मी माझ्याकडून पाळीन.

तर जागा ठरली. लाकूडवाट जिथे जुन्या शेताला मिळते तिथे माझ्या खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याचा एक ओक आहे. त्याला पाठ टेकली की मागून कोणी चुकून माझ्यावर नेम धरू शकणार नाही, आणि नर धारेवरून उतरला तर मधे ना ओढा येतो ना कुंपण. समोर चाळीस यार्डांवर सफरचंदाचे एक झाड आहे. त्याच्या पलीकडे बंदूक रोखायची नाही, हे आजच मनाशी पक्के केले. सूर्योदयाआधी अर्धा तास शिकारीला मुभा असते, म्हणजे मला पावणेपाचला तिथे बसलेले असायला हवे. वाहनतळावर आधीच कोणाची गाडी उभी असली तर मी आत शिरणार नाही. उत्तरेला दीड मैलावरच्या घळीजवळ दुसरा ओक पाहून ठेवला आहे, तिकडे जाईन.