न खपलेली गाणी

मंगळवारी दुपारी टपालाने एक तबकडी आली. शिकागोच्या मेजर लान्स या गायकाची, ओके कंपनीची, जांभळ्या लेबलाची, सात इंची. लेबलावर लिहिलेले आहे असे विकणाऱ्याने आधीच कळवले होते आणि त्यापायी किंमतही निम्म्यावर आणली होती. पाकिटातून काढून पाहिले, तर गाण्याच्या नावाखाली निळ्या बॉलपेनने, शाळकरी वळणाच्या अक्षरांत, कुणा मुलीचे नाव होते. नावाखाली दोन रेघा होत्या आणि त्यांतली दुसरी इतकी दाबून ओढलेली होती की लेबलाच्या कागदाला चर पडला होता. 1960 च्या दशकातली अमेरिकन पोरे एकमेकांच्या घरी नाचायला जाताना आपापल्या तबकड्या बरोबर नेत आणि परतताना अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांच्यावर नाव घालून ठेवत. आपल्याकडे कार्यासाठी शेजारी दिलेल्या पातेल्यावर घालतात तसेच.

माझे संग्राहक मित्र असली नावे लायटरच्या पेट्रोलने हलक्या हाताने पुसून काढतात आणि तबकडी कोरी दिसू लागली की खूश होतात. मला ते कधी पटले नाही. नाव घातलेली तबकडी मला कोऱ्या तबकडीपेक्षा जास्त आवडते, कारण ती कुणीतरी, कधीतरी, हौसेने विकत घेतली होती याचा तो पुरावा असतो. आमच्या छंदात, म्हणजे नॉर्दर्न सोल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या अमेरिकन नाचाच्या गाण्यांच्या तबकड्या जमवण्यात, असा पुरावा विरळाच, कारण ज्या गाण्यांवर आम्ही जीव टाकतो, त्यांतली बरीचशी गाणी निघाली तेव्हा कुणी ऐकलीच नव्हती.

नॉर्दर्न सोलमधली उत्तर दिशा इंग्लंडची आहे, गाणी मात्र डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजलिस इथली. लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये डेव्ह गॉडिन यांचे सोल सिटी नावाचे रेकॉर्डचे दुकान होते. फुटबॉलच्या सामन्यांसाठी उत्तरेकडून आलेली पोरे दुकानात शिरली की नवे, संथ, फंककडे झुकलेले संगीत बाजूला सारून चार-पाच वर्षांपूर्वीच्या, मोटाउन या डेट्रॉइटच्या कंपनीच्या गाण्यांसारखे धावते ठेके मागत, हे त्यांच्या लक्षात आले आणि 1968 च्या सुमारास त्यांनी आपल्या माणसांच्या सोयीसाठी हे नाव पाडले. मोटाउन श्रीमंत झाली ते पाहून डेट्रॉइटमध्ये कितीतरी लहान कंपन्या निघाल्या होत्या. मोटाउनचेच वादक रात्री चोरून रिक-टिकसारख्या कंपन्यांत जाऊन वाजवत आणि मोटाउनच्या मालकांना ते कळले की दंड भरत. तबकडी काही शेकड्यांत किंवा फार तर हजारांत निघे, रेडिओवाल्यांना फुकट प्रती जात, रेडिओवाले ती लावत नसत आणि उरलेला माल गोदामात पडून राही. पुढे तो कवडीमोलाने निघाला, की पुन्हा पूर्ण भावाने विकता येऊ नये म्हणून लेबलातून एक बारीक भोक पाडले जाई. माझ्याकडच्या कितीतरी तबकड्यांना हे भोक आहे. अपयशाचा इतका उघड शिक्का दुसऱ्या कुठल्या कलेत मारत असतील असे मला वाटत नाही.

आम्ही 1972 मध्ये सांगलीहून बोल्टनला आलो. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, तिथल्या एका रुग्णालयात डॉक्टर होते. सामानात लोकरीचे कपडे जवळजवळ नव्हते, पण लाखेच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांची एक लाकडी पेटी होती. बालगंधर्व, हिराबाई आणि आणखी असेच कोणी कोणी. रविवारी सकाळी आबा ती पेटी उघडत. तबकडी दोन्ही तळव्यांच्या कडांत धरायची, खाचांना बोट लागू द्यायचे नाही, जुन्या मलमलीच्या तुकड्याने पुसायची ती खाचेच्या वळणाने, आडवी कधीच नाही, हे सगळे मला अक्षरओळख पक्की होण्याआधी येत होते. हिराबाईंची एक तबकडी प्रवासात तडकली होती. ती लावली की प्रत्येक फेरीला ‘टक्’ असा आवाज येई. आबांनी ती टाकून दिली नाही. आई स्वयंपाकघरात ते पद गुणगुणे, तेव्हा नेमक्या त्या जागी जिभेने ‘टक्’ करी आणि आम्हा भावंडांना त्यात काही चमत्कारिक वाटत नसे. पुढे फार वर्षांनी तेच पद मी साफसूफ केलेल्या ध्वनिमुद्रणात ऐकले. हिराबाई सुरेखच गात होत्या, पण टक् न करता गात होत्या, आणि मी ते अर्ध्यातच बंद केले.

विगन गावातल्या कॅसिनो नावाच्या नाचघरात मी पहिल्यांदा गेलो तो वर्गमित्राच्या थोरल्या भावाचे शेपूट धरून. त्या रात्रीबद्दल घरी काय सांगितले होते, ते इथे लिहिण्यासारखे नाही. स्टेशन रोडवरची ती जुनी नाचघराची इमारत 23 सप्टेंबर 1973 पासून दर शनिवारी मध्यरात्रीनंतर उघडे आणि रविवारी सकाळी आठला मिटे. आत दारू मिळत नसे. (दारूखेरीज जे मिळे त्यावर पोलिसांचे लक्ष असे.) प्रत्येकाच्या हातात एक पिशवी, पिशवीत टॉवेल, बदलायला बनियन आणि टॅल्कम पावडरचा डबा. पावडर अंगाला लावण्यासाठी नव्हे, तळव्याखालचे लाकूड गुळगुळीत व्हावे म्हणून जमिनीवर शिंपडण्यासाठी. पायांत चामडी तळाचे बूट, कमरेला घोळदार विजार. पोरे एकेकटी नाचत. गिरकी घेत, पाठीवर पडत आणि हाताच्या रेट्याने पुन्हा उभी राहत, आणि गाण्यातल्या एका ठरावीक जागी शेकडो हातांची टाळी एकाच वेळी वाजे. ती जागा कुणी शिकवत नसे. भिंतींना घामाचा पाझर फुटलेला असे आणि छतावरून त्याचेच थेंब पुन्हा डोक्यावर पडत.

त्या वर्षांत बसथांब्यावर आमच्या रंगाला उद्देशून जे काही म्हटले जाई, ते ऐकून घेण्याची मला सवय झाली होती. कॅसिनोत तसले काही कानावर आले नाही. मन फार मोठे होते म्हणून असे झाले, असा दावा मी करणार नाही. तिथे लोक एकमेकांच्या पायांकडे पाहत आणि माझे पाय तेव्हा बरे चालत, एवढेच म्हणेन. तरीही गिरणीत आणि कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या घरांतली गोरी पोरे, बहुतेक कृष्णवर्णीय आणि जवळजवळ सगळ्याच विस्मृतीत गेलेल्या गायकांची गाणी शब्दन् शब्द पाठ करून, छातीवर आवळलेल्या मुठीचे कापडी बिल्ले शिवून तिथे येत, याचे नवल मला तेव्हाही वाटे आणि आताही वाटते. पहाटे शेवटी ठरलेली तीन गाणी लागत: टोबी लेजंडचे, जिमी रॅडक्लिफचे आणि डीन पॅरिशचे. ती ऐकल्याशिवाय कुणी हलत नसे.

विक्रेते पेट्या मांडून बसत, तिथे मी नाचाइतकाच वेळ काढी. पेटी चाळताना दोन बोटे कशी चालवायची हे आबांनी शिकवलेले होतेच. अमेरिकन तबकडीच्या मधोमध ज्यूकबॉक्ससाठी मोठे भोक असते, ते भरायला प्लास्टिकची चकती लागते. कडेवर हळूच नख मारले की ती व्हिनाइलची की स्टायरीनची ते आवाजावरून कळते आणि स्टायरीनची असेल तर बोथट सुईने तिचे किती वाटोळे केले असेल याची धास्ती वाटू लागते. लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेले आकडे उजेडाकडे तिरपे धरून वाचायचे, कारण अस्सल कोणती आणि मागून छापलेली कोणती, ते तिथेच उघडे पडते. रेडिओवाल्यांसाठीच्या पांढऱ्या लेबलाच्या प्रतीवर ‘विक्रीसाठी नाही’ असे छापलेले असे, आणि अर्थात सर्वांत महाग तीच विकली जाई.

दुसऱ्या कुणाजवळ नसलेले गाणे आपल्याजवळ असले पाहिजे, या ईर्षेने डीजे लोक लेबलावर कागद चिकटवत आणि गाण्याला खोटे नाव, गायकाला खोटे नाव देत. फ्रँक विल्सनचे ‘डू आय लव्ह यू’ विगनमध्ये पहिल्यांदा वाजले ते एडी फॉस्टर या नावाने. हे गाणे मोटाउनने 1965 मध्ये छापले आणि बाजारात आणण्याआधीच रद्द केले. विल्सनने गाण्यापेक्षा निर्माता होणे पसंत केले म्हणून, असे सांगतात. प्रती नष्ट झाल्या, एक-दोन तेवढ्या वाचल्या, आणि 2009 मध्ये त्यांतली एक 25,742 पौंडांना विकली गेली. विल्सन तोवर धर्मोपदेशक झाला होता. त्या पैशांतले त्याला काही मिळाले नाही, मिळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण जुन्या तबकडीचे पैसे जुन्या मालकाला मिळतात, गाणाऱ्याला नाही. हा विचार मी सहसा करत नाही, कारण तो केला की पेटी चाळता येत नाही.

गाणे लपवणाऱ्या डीजेंची आम्ही चेष्टा करत असू, पण मीही त्याच जातीचा. ग्लोरिया जोन्सचे ‘टेंटेड लव्ह’ अमेरिकेत 1965 मध्ये तबकडीच्या मागच्या बाजूला निघाले आणि साफ पडले. आम्ही त्यावर वर्षानुवर्षे नाचत होतो. 1981 च्या सप्टेंबरात सॉफ्ट सेल या जोडीने गायलेले तेच गाणे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले आणि माझ्या वर्गातली, नाचाशी काडीचा संबंध नसलेली मुले ते जिन्यात म्हणू लागली. मला आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात घरातली वस्तू कुणी न विचारता उचलून नेल्यासारखा मी चिडलो आणि ते मूळ गाणेही मी पुढे बराच काळ लावले नाही. त्याच वर्षी 6 डिसेंबरला कॅसिनो बंद झाले. अगदी शेवटी लावली ती फ्रँक विल्सनची तबकडी. पुढे आग लागली, इमारत पाडली आणि आता तिथे खरेदीचे संकुल आहे. तिकडे मी मोजे घ्यायला जातो.

आबांना माझे संगीत एकदाच मुद्दाम ऐकवले. त्यांनी सबंध तबकडी डोळे मिटून ऐकली, मग म्हणाले, “ठेका बरा आहे रे, पण बाईंना समेवर यायची फार घाई आहे.” यावर माझ्याजवळ आजही उत्तर नाही.

मुलगी लंडनला असते. ही सगळी गाणी तिच्या फोनवर आहेत, आणि माझ्याजवळ नाहीत अशीही आहेत. मागे ती आली तेव्हा पेट्यांकडे पाहत म्हणाली, “बाबा, कुठली किती मोलाची ते लिहून ठेवा. नंतर मला काही कळायचे नाही.” तिचे बरोबरच होते. माझ्या वयाचे संग्राहक आता एकेक करून जातात आणि त्यांच्या पेट्या पुन्हा बाजारात येतात. मेजर लान्सची ही तबकडीही बहुधा तशीच आली असावी. म्हणून आडनावाच्या अकारविल्ह्याने, इंग्रजी क्रमाने, मी यादी करायला बसलो, आणि प्रत्येक तबकडी लावून पाहिल्याशिवाय तिची अवस्था लिहिता येत नाही या सबबीवर ती फार सावकाश चालली आहे.

परवा डॅरेल बँक्सपाशी आलो. ‘ओपन द डोर टू युअर हार्ट’, रेव्हिलॉट कंपनी, 1966. हे गाणे पडलेले नव्हते, अमेरिकेत चांगले खपले होते, त्यामुळे माझी अमेरिकन प्रत काही पौंडांची. इंग्लंडात मात्र ते आधी लंडन या लेबलावर छापले गेले, मग हक्कांची भानगड होऊन दुसऱ्या लेबलावर निघाले, आणि लंडनवाली एक प्रत 2014 मध्ये 14,543 पौंडांना गेली. गाणे तेच, आवाज तोच, फरक फक्त लेबलाच्या कागदाचा. बँक्सला 1970 मध्ये डेट्रॉइटमध्ये एका पोलिसाची गोळी लागली. तो 32 वर्षांचा होता. यादीतल्या किमतीच्या रकान्यात मी अजून काही लिहिलेले नाही.