वाळूजच्या प्रेस शॉपमध्ये विकी बसवताना: माझा अनुभव

वाळूज एमआयडीसीतल्या आमच्या प्रेस शॉपमध्ये (प्रेस मशीनवर पत्र्याचे भाग काढतात तो विभाग) डायचं, म्हणजे भागाला आकार देणाऱ्या साच्याचं सेटिंग, ब्रेकडाउनची कारणं, कस्टमर कम्प्लेंटवर केलेली दुरुस्ती ही सगळी माहिती व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि जुन्या सेटरच्या (डाय बसवून देणाऱ्याच्या) डोक्यात होती. ग्रुपवरचा फोटो आठवड्यानं सापडत नाही आणि सेटर रजेवर गेला की लाइन अडते. म्हणून कंपनीतल्या कंपनीत विकी, म्हणजे सगळ्यांना लिहिता-शोधता येणारी पानांची वेबसाइट, बसवायचं ठरलं.

विकीसाठीची मीडियाविकी आणि डोकूविकी ही दोन सॉफ्टवेअर; त्यातला मीडियाविकीऐवजी मी डोकूविकी घेतला. मीडियाविकीला वेगळा डेटाबेस लागतो आणि पानागणिक वाचायची परवानगी वेगळी ठेवणं त्यात नीट जमत नाही. डोकूविकीत प्रत्येक पान म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. लिनक्स आणि पीएचपी टाकलेला जुना डेस्कटॉप पुरतो. बॅकअपसाठी ‘डेटा’ आणि ‘कॉन्फ’ हे फोल्डर रोज रात्री दुसऱ्या मशीनवर कॉपी केले की झालं. इन्स्टॉलची फाइल नंतर काढून टाका आणि राउटरमध्ये त्या मशीनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पक्का करा. आयपी बदलला तर विकीची पानं उघडायला प्रेसवर चिकटवलेले सगळे क्यूआर कोड वाया जातात.

मराठी पानं करणार असाल तर दोन सेटिंग पहिल्याच दिवशी बदला. एक फाइलनावाच्या एन्कोडिंगचं, म्हणजे नावातली अक्षरं डिस्कवर कोणत्या चिन्हांत लिहायची त्याचं. मूळ सेटिंगमध्ये देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रासुद्धा, नऊ रोमन चिन्हांचं होतं आणि लिनक्समध्ये फाइलचं नाव 255 बाइटच्या पुढे जात नाही. पंचवीस-सव्वीस चिन्हांच्या वर नाव गेलं की पान सेव्हच होत नाही. ते सेटिंग यूटीएफ-8 करा. पानं झाल्यावर बदललं तर जुनी पानं सापडत नाहीत.

दुसरं सेटिंग शोधाचं. मूळ शोध अख्खा शब्द जुळवतो, म्हणून ‘क्लच’ टाकल्यावर ‘क्लचचा’ येत नाही. ‘सुरुवात जुळली तरी चालेल’ हा पर्याय घेतला की ते सुटतं. ‘पट्टा’ आणि ‘पट्ट्याचा’ मात्र तरीही जुळत नाहीत, कारण सामान्यरूपात शब्दच बदलतो. त्यासाठी प्रत्येक पानाच्या तळाशी शोधशब्दांची ओळ ठेवली: पट्टा, पट्ट्या, बेल्ट. मला सगळ्यात उपयोगी हीच ओळ वाटते, कारण ऑपरेटर स्वतःच्या तोंडचा शब्द टाकतो आणि पहिल्या शोधात काही आलं नाही तर परत फिरकत नाही.

पान लक्षणापासून सुरू व्हावं. आमचं ‘बर येतोय’ (बर म्हणजे कापलेल्या कडेला राहिलेली धारदार कोर) हे पान असं: बर एकाच बाजूला असेल तर पंच (वरून दाबून कापणारा भाग) आणि डाय सेंटरला नाहीत, सेटिंग तपासा; चारही बाजूंनी असेल तर बहुतेक धार गेली, टूल रूमला पाठवा. खाली फोटो, डाय नंबर, तारीख. एवढंच. मोठा निबंध मशीनजवळ उभं राहून कुणी वाचत नाही.

लॉगिन प्रत्येकाचं वेगळं द्या. ‘शिफ्ट-ए’ असं एकच खातं दिलं तर बदल कुणी केला ते इतिहासात कळत नाही. एडिटला उघडलेलं पान साधारण 15 मिनिटं लॉक राहतं, म्हणून शिफ्ट बदलताना ते तसंच सोडू नये.

कंट्रोल प्लॅनमधली (भागाची मापं आणि तपासणी ठरवणाऱ्या मंजूर कागदातली) मापं विकीवर उतरवायची नाहीत, मंजूर प्रतीची लिंक द्यायची. दोन ठिकाणी दोन आकडे सापडले की ऑडिटमध्ये नॉन-कन्फॉर्मिटी (नियमभंगाची नोंद) ठरलेली, आणि त्याहून वाईट म्हणजे ऑपरेटर जुन्या मापावर लॉट काढून मोकळा होतो.