पुस्तक तर एकच असतं ना, बाई?

पालकसभा संपत आली होती. प्रगतिपुस्तकांवर सह्या झाल्या होत्या, शिपाई पंखे बंद करायला दारात येऊन उभा होता. एक ताई खुर्चीवरून उठता उठता थांबल्या आणि माझ्या कापडी पिशवीकडे बघत म्हणाल्या, "बाई, राग नका मानू हं. शिकवायचं पुस्तक तर एकच असतं ना? मग तुम्ही दर महिन्याला ही नवीन पुस्तकं कशाला घेता?"

पिशवीत त्या दिवशी सगळ्यात वर पोर्तुगीज-इंग्रजी शब्दकोश होता, त्यामुळे त्यांना नवल वाटलं यात नवल नाही. मी म्हटलं, "आवड आहे हो." हेच उत्तर मी वीसएक वर्षं सगळ्यांना देत आलेय. नणंदेला, शेजारच्या काकूंना, आमची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा एकतीस खोकी चौथ्या मजल्यावर चढवणाऱ्या माणसालाही. उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे. ताई, तुम्ही विचारलंत म्हणून उरलेलं अर्धं लिहिते.

मी ठाण्यातल्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवते. २००१ साली शिक्षण सेवक म्हणून लागले. दहावीचं भूगोलाचं पुस्तक २०१८ साली बदललं आणि त्यात दोनच देश आले, भारत आणि ब्राझील. पहिल्या धड्यात नळदुर्गहून अलिबागला क्षेत्रभेट, आणि मग प्राकृतिक रचना, हवामान, वनस्पती, लोकसंख्या असं सगळं दोन्ही देशांचं शेजारी शेजारी. मला ती कल्पना आवडली होती, आजही आवडते. पण तेच धडे दर वर्षी, आणि वर्षातून दोनदा, अ तुकडीला आणि ब तुकडीला. तिसऱ्या वर्षी एकदा हवामान शिकवताना मला जाणवलं की माझं तोंड चालू आहे आणि मी मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करतेय. ठाणे स्टेशनात "कृपया लक्ष द्या" म्हणणारा आवाज असतो ना, तसा माझा आवाज झाला होता. पोरं त्या आवाजाची नक्कल करतात. माझीही करतात. मी दाराआडून ऐकली आहे, कुठे श्वास घेते ते सुद्धा बरोबर जमतं त्यांना.

तर पुस्तकं घेते ती या आवाजाच्या भीतीने. वाचनसंस्कृती वगैरे शब्द १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, फलकावर रंगीत खडूने लिहायला चांगले असतात. माझी गरज फार साधी आहे. उद्या वर्गात उभी राहीन तेव्हा मलाच कालपर्यंत ठाऊक नसलेली एखादी गोष्ट माझ्या डोक्यात असायला हवी. ती सांगेन किंवा सांगणार नाही, पण ती आहे म्हटल्यावर आवाज बदलतो.

एक उदाहरण देते, म्हणजे शब्दकोशाचाही उलगडा होईल.

ब्राझीलच्या ईशान्येला पाऊस फार कमी पडतो. आमच्या पुस्तकात त्या भागाला 'अवर्षण चतुष्कोन' म्हटलंय आणि चार वाक्यांत विषय संपवलाय. परीक्षेत 'भौगोलिक कारणे लिहा'मध्ये तो हमखास येतो, पोरं 'उच्चभूमीचा अडथळा, पर्जन्यछाया' असं लिहून गुण घेतात. मला मात्र तिथे राहतं कोण, हे कधी कळलं नव्हतं. मराठीत ब्राझीलबद्दल शोधायला गेले तर हाती लागली दोन पुस्तकं, एक फुटबॉलचं आणि एक सहलीचं. सहलीच्या पुस्तकात लेखकाने काय खाल्लं ते इतकं होतं की देशाला जागाच उरली नव्हती. दोन्ही आता त्या एकतीस खोक्यांत कुठेतरी आहेत.

मग गेल्या मे महिन्यात फोर्टला काही कामासाठी गेले होते, तेव्हा फ्लोरा फाउंटनजवळच्या फुटपाथवर एक मुखपृष्ठ फाटलेलं जाडजूड पुस्तक दिसलं. एउक्लिदेस दा कुन्या नावाच्या ब्राझिलियन लेखकाचं, मूळ १९०२ सालचं पोर्तुगीज आणि त्याचा १९४४ सालचा इंग्रजी अनुवाद. नाव 'रिबेलियन इन द बॅकलँड्स'. दुकानदार चारशे म्हणाला, मी दोनशे म्हटलं, अडीचशेला तुटलं. दा कुन्या पेशाने इंजिनिअर. ईशान्येतल्या कानुदोस गावात एका फिरत्या धर्मोपदेशकाभोवती हजारो गरीब माणसं जमली, सरकारने त्यांच्यावर फौज पाठवली, तीन मोहिमा परतवून लावल्या गेल्या आणि चौथीत, १८९७च्या ऑक्टोबरात, गाव पुसलं गेलं. ते युद्ध टिपायला हा वर्तमानपत्राचा बातमीदार म्हणून गेला होता.

आता असं पुस्तक बंदुकांच्या आवाजाने सुरू होईल असं वाटतं की नाही? पहिला भाग सबंध जमिनीवर आहे. खडक, वारे, कोरडे ओढे, काटेरी झुडपं. युद्धासाठी आलेला वाचक तो भाग उलटून पुढे जात असणार. मी तोच भाग दोनदा वाचला. कासारवडवलीहून येताना बस मेट्रोच्या कामात अडकते, त्यामुळे माझं वाचन सिग्नलच्या हिशोबाने चालतं: मानपाड्याला दोन पानं, कापूरबावडीला चार, माजिवड्याला नशीब चांगलं (म्हणजे वाईट) असेल तर अख्खं प्रकरण. माझं इंग्रजी बेताचं. महिना लागला.

त्यातून सुगावा लागला तो १८७७ ते १८७९च्या मोठ्या दुष्काळाचा. ब्राझीलच्या ईशान्येतल्याच सिआरा प्रांतात आणि आसपास लाखो माणसं मेली, कितीतरी ॲमेझॉनच्या जंगलात रबराचा चीक गोळा करायला गेली. साल वाचलं आणि बसमध्येच थबकले. १८७६ ते ७८ म्हणजे आपल्या दख्खनचा दुष्काळ! पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारला कळवली, तोच. मग माईक डेव्हिस या अमेरिकन अभ्यासकाचं २००१ सालचं पुस्तक मागवलं, कारण हे दोन्ही दुष्काळ तो एकत्र मांडतो. प्रशांत महासागराचं पाणी त्या वर्षी भलतंच तापलं होतं, एल निनो. एका टोकाला सोलापूर-नगरकडचा पाऊस गेला, दुसऱ्या टोकाला सिआराचा. पाऊस का पडला नाही हे समुद्रावरून समजतं, माणसं इतकी का मेली हे समजायला मात्र राज्यकर्त्यांकडे बघावं लागतं, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं.

आमच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी छापलेत, पण तक्त्याच्या दोन रकान्यांत. मधली रेघ त्या दिवशी पहिल्यांदा पुसली गेली.

जुलैमध्ये हे वर्गात सांगितलं. पाठ्यपुस्तक मिटून, फळ्यावर फक्त साल लिहून. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा, एरवी खिडकीबाहेर बघणारा, म्हणाला, "बाई, माझे आजोबा पण दुष्काळात आलेत इकडे. बहात्तरच्या." आजोबा बीडकडचे. गाव सोडून ठाण्यात आले आणि वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत आयुष्य काढलं. मी म्हटलं, विचारून ये त्यांना काय काय झालं ते. दुसऱ्या दिवशी तो विचारून आला नाही, आजोबांनाच घेऊन आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी, हातात पिशवी. मुख्याध्यापकांची परवानगी मी नंतर घेतली.

आजोबा खुर्चीवर बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. सरकारी कामावर खडी फोडली ती किती ब्रास. रेशनवर मिळालेला मिलो, म्हणजे ती तांबडी परदेशी ज्वारी, तिची भाकरी कशी थापली जात नसे. सुकडी. "आणि दिवसभर घमेली वाह्यची पोरांनो, घमेली. तळहाताला घट्टे." ऐकता ऐकता घंटा झाली, कोणी उठलं नाही. शेवटी त्यांनी मलाच विचारलं, "बाई, तिकडची माणसं काय खात होती हो, त्या ब्राझीलमधली?"

मला आलं नाही. सांगितलं, बघून कळवते. घरी जाऊन फाटकं पुस्तक पुन्हा उघडलं. दा कुन्या उंबू नावाच्या एका झाडाबद्दल फार प्रेमाने लिहितो. फळं आंबट, आणि मुळांना पाण्याने फुगलेले गड्डे. दुष्काळात माणसं ते खणून तहान भागवतात. मुलाबरोबर निरोप पाठवला. उलट निरोप आला की आम्ही तरोट्याचा पाला उकडून खाल्ला. तरोटा म्हणजे आपला टाकळा. पहिल्या पावसानंतर जांभळी नाक्याला बायका जुड्या विकायला बसतात, आणि आपण हौसेने घेतो.

या सगळ्यात दोन तासिका गेल्या आणि घटक चाचणीपर्यंत वनस्पतींचा धडा व्हायचा राहिला. रविवारी जादा वर्ग घेऊन तो उरकला, उरकलाच म्हणायचा. स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "मॅडम, बोर्डाच्या पेपरात घमेलं येणार नाही." चाळीस गुणांचा पेपर आहे, ते म्हणाले ते खरंच आहे. आणि ताई, तुमच्या मुलीला चाळीसपैकी चोवीस का, हे तुम्ही आधी विचारलं होतंत, त्याचं उत्तर माझ्या पिशवीतल्या एकाही पुस्तकात नाही. ती नकाशा भरते आणि सूची देत नाही. तेवढं तिला सांगा.

'वाचनालयातून का आणत नाही' असंही विचारतात लोक. आणते की. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, मराठी वाङ्मयाचा पहिला मोठा इतिहास लिहिणाऱ्या वि. ल. भाव्यांच्या खटपटीतून उभं राहिलेलं. आपल्या गावात असं काही आहे याचा मला चारचौघांत मिरवण्याइतका अभिमान आहे, आणि माझी वर्गणी कधी थकलेली नाही. पण मी पेन्सिल घेऊन वाचते. समासात 'धडा ४, ब तुकडी' असं लिहून ठेवते. ते वाचनालयाच्या पुस्तकावर करता येत नाही, केलं तर लाज वाटली पाहिजे. शिवाय घरचं पुस्तक पोराच्या हातात देता येतं. त्यासाठी एक वही ठेवली आहे. वहीप्रमाणे अकरा पुस्तकं अजून परत यायची आहेत. त्यातला एक जण आता तलाठी झालाय, रस्त्यात भेटला की चेहरा पाडतो. मी पुस्तकाचं नाव काढत नाही, आणि तोही काढत नाही.

पैशांचं म्हणाल तर दिवाळीला साडी घेत नाही. तसं नवऱ्याला सांगते. खरं म्हणजे तीही घेते.

राहता राहिला पोर्तुगीज शब्दकोश. दा कुन्याच्या अनुवादात अनुवादकाने बरेच शब्द मूळ पोर्तुगीजच ठेवलेत. अर्थ अडला म्हणून छोटा शब्दकोश घेतला, पालकसभेच्या आदल्याच दिवशी. चाळता चाळता अडकून पडले. आपला पगार हा शब्द पोर्तुगिजांचा, पाव त्यांचा, चावी त्यांची, हे मला ऐकून माहीत होतं. साष्टी बेट, म्हणजे आपलं ठाणं ज्यावर आहे ते, १७३७पर्यंत त्यांच्याकडे होतं, ठाण्याचा किल्ला त्यांनी बांधायला घेतलेला, आता तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. शब्द राहणारच मागे. पण काजू आणि अननस हे पोर्तुगिजांचेही नव्हेत, त्यांनी ते ब्राझीलच्या तुपी लोकांकडून उचलले. काजूचं झाड तर मूळचं ब्राझीलच्या ईशान्येचं. म्हणजे ज्या भागाबद्दल मला चार वाक्यांपलीकडे काही ठाऊक नव्हतं, तिथलंच नाव घेऊन मी दर दिवाळीला वाण्याकडे पाव किलो काजू मागत होते.

आणि मग जी अक्षराखाली 'गामेला' सापडलं. लाकडाची मोठी परात, जनावरांना पाणी पाजायचं किंवा पीठ मळायचं भांडं. ब्राझीलमध्ये अजून वापरतात. आपलं घमेलं त्यावरूनच आलंय.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या बाकाकडे गेले आणि म्हटलं, आजोबांना सांग, बहात्तर साली तुम्ही जे डोक्यावर वाहिलंत त्याचं नाव ब्राझीलच्या भाषेतलं आहे. सोमवारी तो निरोप घेऊन आला. "आजोबा म्हणतात, घमेलं त्यांचं, तर मग कुदळ कोणाची?"

कुदळ आपलीच, संस्कृत कुद्दालवरून आलेली, असं मी कळवलंय. फावड्याचं अजून बघायचंय.