पितृपंधरवड्यातली खीर

बँकेतून निवृत्त झाल्यावर, गेली काही वर्षे मी हडपसरच्या पुढे असलेल्या एका संस्थेचे हिशेब आठवड्यातून दोन दिवस लिहिते. संस्थेत निराधार स्त्रिया राहतात आणि वेगळ्या इमारतीत, बाल कल्याण समितीच्या आदेशाने दाखल झालेली मुले राहतात. कीर्दखतावणी चाळणाऱ्याला समाजाचे दातृत्व कोणत्या तिथीला उफाळून येते आणि कोणत्या कामाकडे ते कधीच फिरकत नाही, हे कोणी न सांगता कळते.

भाद्रपदात पितृपंधरवडा सुरू झाला की आमच्याकडे खीर, वडे आणि पुरणपोळ्या यांची रांग लागते. एका दिवशी दोन घरांकडून जेवण आले तर दुसऱ्याला नम्रपणे पुढची तिथी सुचवावी लागते, आणि ते साहजिकच शक्य नसते, कारण तिथी त्यांच्या वडिलांची असते. त्या पंधरा दिवसांत मुलांची पोटे बिघडतात. पुढे जूनमध्ये वह्या-पुस्तके, गणवेश आणि शाळेची फी एकदम अंगावर येते, तेव्हा मात्र देणगीच्या पावतीपुस्तकाची पाने कोरीच राहतात. समुपदेशक ताईंच्या पगारासाठी तर आजवर एकाही माणसाने आपणहून पैसे दिलेले नाहीत. पगार हा शब्द ऐकताच देणाऱ्याला आपले पैसे ‘वाया’ गेल्यासारखे वाटते. वास्तविक रात्री दोन वाजता किंचाळत उठणाऱ्या मुलाजवळ बसायला खीर उपयोगी पडत नाही, त्या ताईच लागतात.

छायाचित्राचा आग्रह हा आणखी एक प्रकार. केक कापताना मुलांचे चेहरे दिसलेच पाहिजेत, असे पाहुण्यांना वाटते. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलाची ओळख उघड होईल असे नाव किंवा छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही, आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे सांगितल्यावर एक गृहस्थ केकसकट परत गेले होते. (मुलांनी त्याचे दुःख दोन दिवस केले, हेही नमूद केले पाहिजे.)

पुण्याला हे काम नवे नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, तेव्हा फसवल्या गेलेल्या विधवेने तेथे गुपचूप बाळंत व्हावे आणि मूल सोबत न्यावे की तेथेच ठेवावे हे तिने स्वतः ठरवावे, अशी व्यवस्था होती. तेथेच जन्मलेल्या यशवंतला त्यांनी 1874 मध्ये दत्तक घेतले आणि तो पुढे डॉक्टर झाला. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली; 1900 मध्ये आश्रम हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत गेला, आणि अण्णा (म्हणजे कर्वेच) फर्ग्युसन कॉलेजातले शिकवणे सांभाळून तेथपर्यंत पायी जात राहिले. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या स्त्रियांना केडगावात नुसते अन्न दिले नाही, तर विणकाम आणि छापखान्याचे कामही शिकवले. मला या सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसते. आत आलेली बाई किंवा मूल एक दिवस बाहेर जाणार, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून गृहीत धरले होते.

आजचा सगळा अडथळा नेमका त्या बाहेर जाण्यात आहे. आमच्याकडे आलेल्या बहुतेक बायकांजवळ ना रेशनकार्ड असते, ना आधार, आणि कधीकधी स्वतःचे पूर्ण नाव सांगण्याची मनःस्थितीही नसते. अशा बाईचे बँकेत खाते कसे उघडणार, असा प्रश्न काउंटरवरची मुले मला विचारतात, तेव्हा माझ्यातली जुनी अधिकारी जागी होते. कोणतेही अधिकृत कागदपत्र नसताना, अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा आणि छायाचित्र घेऊन ‘छोटे खाते’ उघडता येते. वर्षाला एक लाखाची जमा, पन्नास हजारांची शिल्लक आणि महिन्याला दहा हजारांची उचल एवढी त्याची मर्यादा असते आणि कागदपत्रांसाठी बारा महिन्यांची मुदत मिळते. शिवणकामाचे पहिले पैसे स्वतःच्या पासबुकात छापून आलेले पाहताना एका आजींनी तो आकडा माझ्याकडून चार वेळा वाचून घेतला होता.

मुलांचा प्रश्न अठराव्या वाढदिवशी सुरू होतो. कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची सोय आहे. राज्य शासनाने 2018 मध्ये अनाथांसाठी एक टक्का आरक्षणही दिले. पण आमच्याकडची अनेक मुले त्या अर्थाने अनाथ नाहीतच. कोणाची आई मनोरुग्णालयात आहे, कोणाचा बाप आहे पण तो नसलेलाच बरा, आणि अशा मुलाला अनाथ प्रमाणपत्र मिळवणे हे एक वेगळेच प्रकरण होऊन बसते.

मागील वर्षी आमच्या एका मुलीला नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण करून नोकरी लागली. खोली पाहिली, भाडे ठरले, पण अकरा महिन्यांच्या कराराच्या वेळी घरमालकांनी ‘वडिलांना घेऊन या’ असे सांगितले. शेवटी अधीक्षिका आणि मी, दोघी जाऊन बसलो. अनामत रक्कम संस्थेने भरली. खतावणीत त्यासाठी रकाना नव्हता, तो मी शाईने आखला.

करार संपला तेव्हा ती स्वतः कार्यालयात आली, अनामतीचे सगळे पैसे टेबलावर मोजून ठेवले आणि पावती मागितली. मी ती लिहून दिली, आणि ही रक्कम देणगी नसल्यामुळे यावर करसवलत मिळणार नाही, हेही सवयीने सांगितले. ती हसली आणि म्हणाली, ‘मावशी, आधी कर भरण्याइतका पगार तर होऊ दे.’